दुनळीच्या दमास्कस नळीवर वेटोळी कुठून येतात?

बारानंबरी: बेल्जियममधल्या लिएजच्या जुन्या दुनळी बंदुकांच्या 'दमास्कस' म्हणवल्या जाणाऱ्या नळ्यांवर बारीक वेटोळ्यांच्या ओळी दिसतात. ती कोरलेली नाहीत, लोखंड आणि पोलादाचे थर पिळून येतात, इथवर समजलं. पण थरांची कांब पिळली तर सुंभाच्या दोरासारख्या तिरप्या रेघा दिसायला हव्यात. मग गोल वेटोळी कशी? आणि 'तीन कांबींची नळी' म्हणजे नेमकं काय मोजायचं?

ऐरण: तिरप्या रेघा येतातच, पण फक्त कांबीच्या वरच्या सालीवर. जसजसं घासत आत जाल तशा त्या वाकतात आणि कांबीच्या मध्याजवळ पोचलात की त्यांच्या कमानी होतात. मध्यावर एका ठिकाणी थर तुमच्याकडे कड करून उभे असतात, तर पाव पीळ पुढे गेलं की आडवे पडलेले असतात. या दोन्हींच्या मधली वळणं म्हणजे तुमचं वेटोळं. साधारण दर अर्ध्या पिळाला एक. म्हणजे पीळ जितका घट्ट तितकी नक्षी बारीक, आणि ती खुलते ती कानशीखाली, भट्टीत नाही.

पटत नसेल तर मुलांची दोन रंगांची प्लॅस्टिसिन घ्या. दोन-दोन मिलिमीटरचे आठ थर एकाआड एक रचा, चौकोनी कांब करा आणि दोन्ही टोकं धरून पिळा. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून पातळ पात्याने लांबीच्या दिशेने एकेक काप काढत जा. तिसऱ्या-चौथ्या कापाला वेटोळी दिसू लागतील. मऊ असताना कापलंत तर रंग फासले जातात, म्हणून फ्रीझर.

आता नळी. नरम लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून धगीत एकजीव करायच्या, लाटून करंगळीएवढी चौकोनी कांब काढायची आणि ती लाल असताना पिळायची. अशा दोन, तीन, चार कांबी शेजारी ठेवून त्यांची एक पट्टी जोडायची. शेजारच्या कांबींना सहसा उलटसुलट पीळ देतात. सगळ्या एकाच दिशेने पिळल्या तर सगळी नक्षी एकाच अंगाला कलते. ही पट्टी लोखंडी दांड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळायची आणि वेढ्यांच्या कडा थोड्या-थोड्या लांबीत तापवून, नळी टोकावर आपटून आणि हातोड्याने ठोकून जोडायच्या. शेवटी आतून भोक साफ करायचं, बाहेरून घासायचं.

मोजायचं ते असं: वेढ्याच्या एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत वेटोळ्यांच्या किती ओळी आहेत? तीन असतील तर तीन कांबींची. काडतुसाच्या बाजूला नक्षी मोठी आणि तोंडाकडे बारीक दिसली तर दोष समजू नका, मागच्या भागाला जाड पट्टी वापरत.

लोहकीट: कुठे बिघडतं तेही लिहितो. पिळताना कांब सगळीकडे सारखी लाल नसेल तर जास्त तापलेला भाग जास्त पीळ घेतो, थंड भाग तसाच राहतो. मग नक्षी कुठे दाट, कुठे विरळ. तापलेल्या जागी थोडं पाणी सोडून हे सावरायचे. पहिला जोड कच्चा असेल तर पिळताना पदर सुटतात. हे एका अर्थी बरंच, वाईट कांब तिथेच बाद होते. पोलाद लोखंडापेक्षा लवकर जळतं, त्यामुळे फार धग देऊन चालत नाही आणि कमी दिली तर जोड बसत नाही. टाकणखार किंवा वाळू घालून कीट पातळ करून बाहेर काढतात. जे अडकून राहतं ते तयार नळीवर राखाडी ठिपके म्हणून दिसतं.

बारानंबरी: धन्यवाद, कापांचं एकदम पटलं. नकली नक्षी कशी ओळखायची? आणि आपल्या जुन्या तलवारींच्या पात्यावरची नक्षी, जौहर म्हणतात ती, हीच का?

ऐरण: नकली म्हणजे साध्या पोलादी नळीवर ॲसिडने उठवलेलं चित्र. त्यात वेढ्याचा सांधा नीट सापडत नाही. खात्री करायची तर पुढची लाकडी पकड काढून तिच्याखाली नखाएवढी जागा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनने तेल काढा, पातळ फेरिक क्लोराइड (एक भाग द्रावण, चार भाग पाणी) दोन-तीन मिनिटं लावा आणि खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. खरी नक्षी परत उठते, खोटी पुसली जाते. चुकूनही गरम कॉस्टिकच्या काळ्या मुलाम्यात नळी बुडवू नका. दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डागाने बसवलेली असते, तो डाग खाल्ला जातो.

जौहर वेगळं. वूट्झ मुशीत वितळवून केलेलं पोलाद, त्यात पीळ नाही की जोड नाही. सावकाश थंड होताना आणि पुढे घडवताना कार्बाइडच्या (लोखंड आणि कार्बनच्या कठीण संयुगाच्या) ओळी लागतात, त्यांची ती नक्षी. दोन्ही दमास्कसच म्हणवली जातात, तिथेच सगळा घोळ.

लोहकीट: एक राहिलं. १८९१ साली बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये (बंदुकांच्या नळ्यांची ताकद तपासतात तिथे) नळ्या फुटेपर्यंत तपासल्या, तेव्हा थरांच्या नळ्या चांगल्या टिकल्या होत्या. पण त्या नव्या होत्या. शंभर वर्षांत सांध्यांत आतून शिरलेला गंज बाहेरच्या नक्षीवरून कळत नाही. आजचं काडतूस त्यात घालू नये.