‘पदवी’, ‘मान्यता’ आणि ‘अधिस्वीकृती’ : फरक काय?

प्रश्न :
माझ्या मावसभावाने एका बायबल कॉलेजातून तीन वर्षांचा कोर्स केलाय. सर्टिफिकेटवर ‘आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृत पदवी’ असं छापलंय, आणि आता बीएडला गेला तर म्हणतात ही पदवीच नाही. मग छापलंय ते खोटं समजायचं का? अधिस्वीकृत म्हणजे मान्यताप्राप्तच ना?

प्रतिसाद १ :
नाही, एक नाही, आणि घोळ ‘पदवी’पासूनच सुरू होतो. मराठीत पदवी म्हणजे किताबही, रावबहादूर ही पदवी, महामहोपाध्याय ही पदवी, लोकमान्य तर लोकांनीच दिलेली पदवी. त्यामुळे कुठलीही संस्था ‘आम्ही पदवी देतो’ म्हणाली तर भाषेच्या हिशोबाने ती चुकत नाही. कायद्यात मात्र अर्थ अगदी अरुंद आहे. १९५६ चा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, कलम २२, पदवी फक्त कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. बीएडवाले हाच अर्थ धरतात.

अधिस्वीकृती हा शब्द आपल्याला पत्रकारांच्या कार्डामुळे आणि नॅकमुळे (कॉलेजांचा दर्जा तपासणारी सरकारी संस्था) माहीत, म्हणून ऐकला की सरकारी वाटतो. पण धर्मशिक्षण देणाऱ्या कॉलेजांच्या आपापल्या संघटना असतात, त्याही दर्जा तपासून अधिस्वीकृती देतात, काही खरंच कसून तपासतात, तर काही ठिकाणी कॉलेज आणि त्याला अधिस्वीकृती देणारी संस्था दोन्ही एकाच पत्त्यावर असतात!! म्हणून नुसतं ‘अधिस्वीकृत’ वाचून थांबायचं नाही, कोणाकडून ते विचारायचंच.

प्रतिसाद २ :
‘संलग्न’ पण बघा, म्हणजे शिकवणारं कॉलेज एक आणि पदवी देणारी संस्था दुसरी. सेरामपूर (बंगालमधलं, आपलं नगरकडचं श्रीरामपूर नव्हे) इथलं कॉलेज १८१८ चं, त्याला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची पदवी द्यायची सनद मिळाली आणि १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने कायदा केला. तिथल्या सिनेटला (पदव्या देणाऱ्या मंडळाला) संलग्न धर्मशिक्षणाची कॉलेजं देशभर आहेत, पुण्यातही आहे. पुण्यातच नगर रोडला ज्ञानदीप हे कॅथलिक धर्मशिक्षणाचं विद्यापीठ आहे, १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आलेलं, तिथे मिळते ती रोमची, म्हणजे पोपच्या अधिकाराखालची पदवी. म्हणजे मान्यता आहे, फक्त चर्चची. फादर व्हायला ती पुरते, सरकारी नोकरीला पुरेलच असं नाही. पण म्हणून त्या अभ्यासाला बोगस म्हणू नका प्लीज, ग्रीक हिब्रू शिकायला मुलं वर्षानुवर्षं घालवतात.

प्रतिसाद १ :
हो, सहमत. बोगस म्हणजे फसवणूक, अमान्य म्हणजे नुसती मान्यता नसलेलं. हे दोन शब्द वेगळे ठेवायलाच हवेत. मला राग येतो तो ॲडमिशनच्या वेळी हे न सांगणाऱ्यांचा, गरीब घरातली पोरं तीन तीन वर्षं देतात.

प्रश्नकर्ता :
सर्टिफिकेट परत बघितलं. अधिस्वीकृत कोणाकडून ते कुठेच लिहिलेलं नाही. उद्या भावाला घेऊन कॉलेजात जातो आणि लेखी मागतो.