दोष लांबीचा नाही, जागरणाचा आहे

वर कुणी या कलाकारांबद्दल म्हटलंय, 'कानबाईवरचा यांचा हा पहिलाच अल्बम, १४ गाणी, ७२ मिनिटं. कल्पना भारी, पण ऐकताना दम लागतो.' दम लागतो खरा, पण लांबीमुळे नाही. कानबाई ही खानदेशातली देवी; तिच्या श्रावणातल्या उत्सवामुळे रविवारी स्थापना, रात्रभर जागरण, सोमवारी विसर्जन असा घट्ट सांगाडा आयताच मिळालाय. रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं, गाणं तर अफलातून: घरातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू, सव्वा म्हणजे पाच पाव, म्हणून ठेकाच पाच मात्रांचा! जात्याची घरघर तालाच्या किंचित मागे ठेवलीय, तेही बरोब्बर.

घसरतं जागरणात. सलग चार गाणी एकाच पट्टीत, एकाच लयीत. तिसऱ्यालाच डुलकी लागते. एक सरळ काढा, आणि एकात नुसत्या बाया नि टाळ्या ठेवा. मग परतलेला ढोल अंगावर येईल. सध्या येत नाही, कारण ढोल आणि बेस गिटार दोघंही ६० ते १०० हर्ट्झमध्ये कोंबलेत. बेसचा तेवढा पट्टा ३-४ डेसिबलने उतरवा.

गाणी एकमेकांत मिसळतात तिथला खटका मात्र एमपीथ्रीचा. एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटवतो. वेव्ह किंवा फ्लॅक फाइल द्या, त्यांत ती चिकटत नाही. सीडी काढणार असाल तर गाण्यांमधले काप ५८८ सॅम्पलच्या (आवाजाच्या सुट्या नोंदींच्या) पटीत घ्या. सीडीची एक फ्रेम तेवढीच असते.

विसर्जनाच्या गाण्यात अहिराणी अचानक पुस्तकी मराठी का होते, कळलं नाही बुवा. तेवढं पुन्हा रेकॉर्ड करा.