एडगर ॲथेलिंगचा दावा
१०६६ चा इंग्लंडच्या गादीचा वारसावाद इंग्लिश सरदार हॅरल्ड, नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम आणि नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्दरादा या तिघांपुरताच होता, असे अनेकदा गृहीत धरले जाते; परंतु रक्ताच्या नात्याने सर्वांत जवळचा वारस चौथाच होता. पूर्वीचा राजा एडमंड आयर्नसाइड याचा नातू एडगर ॲथेलिंग हा वेसेक्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या, राजघराण्याचा थेट वंशज होता. मात्र ५ जानेवारीला राजा एडवर्ड वारला तेव्हा एडगर पोरवयाचा असल्याने मातब्बर सरदारांनी दुसऱ्याच दिवशी हॅरल्डला राज्याभिषेक केला.

विल्यमचे नाते एडवर्डच्या आईकडून, म्हणजे विल्यमच्या आजोबांची बहीण एम्मा हिच्यामार्फत होते, त्यामुळे वेसेक्सच्या रक्ताचा आधार त्याला मुळीच नव्हता. एडवर्डने विल्यमला दिलेले गादीचे वचन आणि त्याच्या दाव्याला पाठिंबा देण्याची हॅरल्डची शपथ यांवर नॉर्मन पक्षाने एवढा भर दिला, तो माझ्या मते याच कारणाने. नॉर्मन विजयाची कथा चितारणाऱ्या बायोच्या भरतकामात हॅरल्ड संतांचे अवशेष ठेवलेल्या दोन अस्थिपेटिकांवर दोन्ही हात ठेवून शपथ घेताना दिसतो.

हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमकडून हॅरल्ड मारला गेल्यानंतर लंडनमध्ये एडगरची राजा म्हणून निवड झालीही, पण अभिषेकाआधीच त्याला विल्यमला शरण जावे लागले. मला सर्वांत बोलकी वाटते ती विल्यमने करवलेली १०८६ ची जमिनींची डूम्सडे पाहणी: तिच्यात जमिनीची जुनी मालकी ‘राजा एडवर्डच्या काळी’ अशी नोंदवली आहे, आणि हॅरल्डचा उल्लेख जवळजवळ सर्वत्र नुसता अर्ल (सरदार) म्हणून येतो, राजा म्हणून नव्हे.