पाण्याखाली गेलेल्या गावांचे बालपण: इंग्लंडमधील डर्वेंट, मार्डेल आणि आपला कोयनाकाठ

प्रश्न: जावळीखोरे (सातारा)

इंग्लंडमध्ये धरणांखाली गेलेल्या गावांच्या आठवणी तिथल्या लोकांनी कशा गोळा केल्या आणि कशा जपल्या, याविषयी येथील जाणकारांकडून माहिती हवी आहे.

विचारण्याचे कारण असे. माझे आजोळ जावळी तालुक्यातले. कोयनेचे पाणी चढले तेव्हा ते गाव शिवसागरात गेले आणि माणसे पुनर्वसनात पांगली. काही घरे रायगडकडे गेली, काही सांगली जिल्ह्यात आली, काही वरच्या डोंगरावर सरकून तिथेच राहिली. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुले आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. धरणाची उंची, वीजनिर्मिती, 1967 चा भूकंप यांवर भरपूर लिहिले गेले आहे, पण त्या गावात मूल म्हणून जगणे कसे होते, हे मला कुठेही वाचायला मिळत नाही. आमची मोठी मावशी पावसात डोक्यावर इरले घेऊन ओढा ओलांडून शाळेत जायची. इरल्याच्या पानांतून पाणी ठिबकू लागले की पाटी पोटाशी धरायची, असे ती सांगते. अशा गोष्टी लिहून ठेवायच्या आहेत, पण त्यांचा नुसता गोड आठवणींचा ढीग होऊ नये, पुढच्या माणसाला गाव समजावे, अशी इच्छा आहे.

इंग्लंडमध्ये गावोगावी स्थानिक इतिहास मंडळे असतात आणि सामान्य माणसांच्या बालपणीच्या आठवणींनाही तिथे इतिहासाचे साधन मानले जाते, असे ऐकून आहे. तिथे नेमके काय करतात? त्यातले आपल्याकडे काय लागू पडेल?

उत्तर १: कराडकर (सध्या शेफिल्ड)

आपण विचारलेल्यापैकी एक ठिकाण माझ्या राहत्या शहराच्या अगदी जवळ आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डर्बीशर परगण्यात डर्वेंट नदीच्या खोऱ्यात ॲशोप्टन आणि डर्वेंट अशी दोन गावे होती. शेफिल्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर या शहरांना पाणी पुरवण्यासाठी 1899 मध्ये डर्वेंट खोऱ्याचे जल मंडळ स्थापन झाले. त्याने आधी वरच्या अंगाला दोन धरणे बांधली, ती अपुरी पडू लागल्यावर 1935 मध्ये लेडीबाउर या तिसऱ्या धरणाचे काम सुरू झाले आणि त्यात ही दोन्ही गावे गेली. डर्वेंटच्या चर्चमधली शेवटची प्रार्थना मार्च 1943 मध्ये झाली. दफनभूमीतील अवशेष काढून खालच्या बॅमफर्ड गावात पुन्हा पुरण्यात आले. चर्चचा मनोरा मात्र उभा ठेवला होता, आणि पाणी भरल्यावर तो जलाशयातून वर डोकावत असे; अखेर धोकादायक ठरवून डिसेंबर 1947 मध्ये तो सुरुंगाने पाडला. गावातला जुना दगडी पूल दगड न दगड सुटा करून बाजूला ठेवला गेला आणि पुढे खोऱ्याच्या वरच्या टोकाला पुन्हा उभारला गेला. आजही त्यावरून चालता येते.

तिकडे लेक डिस्ट्रिक्टमध्ये मँचेस्टर शहराच्या पाण्यासाठी हॉजवॉटर तळ्याची पातळी वाढवली गेली आणि मार्डेल ग्रीन हे गाव गेले. तिथल्या लहानशा चर्चमध्ये ऑगस्ट 1935 मध्ये शेवटची प्रार्थना झाली. तिथूनही 97 जणांचे अवशेष शॅप गावी हलवण्यात आले.

या दोन्ही ठिकाणी कोरड्या वर्षी पाणी उतरले की भिंतींचे पाये उघडे पडतात आणि लोक गर्दीने पाहायला जातात. 1976, 1995 आणि 2018 या वर्षी लेडीबाउरमध्ये असे झाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, मुलांना शाळेतून प्रश्न पडतात आणि गावाचे नाव पुन्हा तोंडात येते. आठवणी टिकण्यात या उघड्या पडणाऱ्या दगडांचा मोठा वाटा आहे, असे माझे निरीक्षण आहे.

पण खरा फरक दुसराच आहे आणि तो आपण लक्षात घ्यावा. डर्वेंट व ॲशोप्टनच्या बऱ्याच कुटुंबांना धरणाच्या अगदी खाली यॉर्कशर ब्रिज नावाच्या वसाहतीत घरे मिळाली. म्हणजे शेजारी शेजारीच राहिले, एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करत राहिले. आपल्याकडे एका आळीतली चार घरे चार जिल्ह्यांत गेली. त्यामुळे आपले पहिले काम मुलाखती घेण्याचे नसून गाव पुन्हा जुळवण्याचे आहे: कोणते घर कुठे गेले याची यादी करणे आणि शक्य असेल तर दोन-तीन वृद्धांना एका ठिकाणी बसवून बोलते करणे. एकटा माणूस सांगतो ते आणि जुना शेजारी समोर असताना सांगतो ते, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

उत्तर २: निवृत्त शिक्षिका (वाई)

जावळीखोरे, आपला उपक्रम फार मोलाचा आहे. कराडकरांनी सांगितलेली यादी आधी करावी, हे मलाही पटते. मी कागदांविषयी लिहिते, कारण इंग्लंडमधल्या गावांच्या इतिहासाचे बळ माझ्या मते तिथल्या कागदांत आहे.

तिथे 1538 पासून प्रत्येक चर्चच्या परिसरातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम होता. दुसरी गोष्ट शाळेची. 1860 च्या दशकापासून मुख्याध्यापकाला शाळेची रोजनिशी लिहावी लागे. वाळलेले गवत गोळा करायला किंवा बटाटे काढायला मुले गेल्यामुळे हजेरी घटली, गोवर आला म्हणून शाळा बंद ठेवली, बर्फामुळे दूरच्या वस्तीवरची मुले आली नाहीत, असे त्यात सापडते. एखाद्या आजोबांनी सांगितले की आम्ही सुगीत शाळेत जात नसू, तर रोजनिशी उघडून ते ताडून पाहता येते. आठवण आणि नोंद एकमेकींना आधार देतात आणि कधी कधी एकमेकींना विरोधही करतात. तो विरोध खोडून न टाकता दोन्ही बाजू लिहून ठेवणे हीच इतिहासाची शिस्त.

आपल्याकडे असे काय आहे? पहिले म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात मुलाचे नाव, जन्मतारीख, शाळेत आल्याची व सोडल्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असते. बुडीत गावाच्या शाळेचे रजिस्टर कुठे गेले, याची पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात गाव उठल्याची नोंद मिळाली, तर एका वर्गातली कोणकोणती मुले कोणत्या महिन्यात गेली हे स्पष्ट होईल. दुसरे, कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद; जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घातलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. जुनी पाने मोडीत निघाली तर मोडी वाचणारी माणसे साताऱ्यात आजही आहेत. तिसरे, भूमी अभिलेख कार्यालयातला गावचा जुना नकाशा. संपूर्ण खोऱ्याची पार्श्वभूमी हवी असेल तर 1885 चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे.

मुलाखतीत मात्र नकाशा आपण दाखवू नये. कोरा कागद पुढे ठेवावा आणि एवढेच म्हणावे: “तुमच्या घरातून निघून शाळेपर्यंत जा, वाटेत काय काय लागते ते सांगा.” वाट चालू लागली की पार येतो, पाणवठा येतो, कोणाचा कुत्रा अंगावर यायचा ते येते, कोणत्या परड्यातली कैरी पाडायची ते येते, आणि कोणत्या वाटेने जायला आईने बंदी केली होती तेही येते. “तुमचे बालपण कसे होते?” असे विचारले तर “फार चांगले होते” एवढेच उत्तर मिळेल. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवल्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकते.

डॉर्सेट परगण्यातल्या टाइनम गावाचे उदाहरण इथे देण्यासारखे आहे. ते धरणात गेले नाही. डिसेंबर 1943 मध्ये सैन्याच्या सरावासाठी रिकामे करण्यात आले आणि युद्ध संपल्यावरही गावकऱ्यांना परत मिळाले नाही. घरे आता छपरावाचून उभी आहेत, पण शाळेची खोली जपली आहे आणि तिथे कोट अडकवण्याच्या खुंट्यांवर मुलांची नावे लावलेली आहेत. बाहेरून आलेल्या माणसाला त्या नावांतून गाव समजते, कारण प्रत्येक नावामागे एक घर आहे आणि ते घर दारातून बाहेर पडल्यावर दिसते.

उत्तर ३: मिरजेचा वाचक

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी एक गोष्ट आग्रहाने मांडतो. कागदांवर विसंबताना कागदावर कोण नाही, हे आधी पाहावे.

टाइनमचीच गोष्ट घ्या. गाव आणि जमीन बाँड या जमीनदार घराण्याची होती; बहुतेक गावकरी कुळे म्हणून राहत. त्यामुळे घर सुटले तरी घराचे मोल त्यांच्या हाती पडले नाही, बागेतल्या भाजीपाल्यापुरतीच भरपाई त्यांना मिळाली. आपल्या कोयनाकाठीही ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांची नावे भूसंपादनाच्या कागदांत सापडतील. मजुरी करणारे, बलुत्यावर जगणारे, दुसऱ्याच्या रानात नाचणी-वरी पिकवणारे यांची मुलेही त्याच ओढ्यात पोहली, पण ती त्या कागदांत दिसणार नाहीत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या मुलाला शाळेत कुठे बसवत, पाणवठ्यावर त्याने कधी जायचे, हे त्याच्याच तोंडून लिहून घेतले नाही तर तुमचे गाव अर्धेच राहील. आपल्या आजोळच्या नातेवाइकांपासून सुरुवात करणे साहजिक आहे, पण तिथेच थांबू नये, ही कळकळीची विनंती.

डर्वेंट खोऱ्याविषयी कराडकरांनी लिहिले त्यात एक भर घालतो. वरची दोन धरणे बांधणाऱ्या मजुरांसाठी तिथे बर्चिनली नावाची पत्र्याच्या घरांची वस्ती उभारली होती. आसपासचे लोक तिला पत्र्याचे गाव म्हणत. शाळा, दवाखाना, दुकाने असे सगळे तिथे होते, आणि काम संपल्यावर ती वस्ती उचलली गेली. तिथे वाढलेल्या मुलांचेही ते गावच होते, आणि स्थानिक इतिहासकारांनी त्याचीही नोंद घेतली आहे. कोयनानगरच्या कामगार वसाहतीत ज्यांचे बालपण गेले, त्यांनाही आपण विचारावे. एकाच धरणाने कुणाचे गाव घेतले आणि कुणाला काही वर्षांपुरते गाव दिले.

जपणुकीविषयी थोडक्यात. 1086 च्या डूम्सडे बुक या जमीनमहसुलाच्या पाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने 1986 मध्ये देशभरातल्या शाळकरी मुलांकडून आपापल्या परिसराची माहिती, छायाचित्रे आणि दिनक्रम लिहून घेतला. दहा लाखांहून अधिक लोकांचा त्यात सहभाग होता. ते सारे त्या काळच्या लेझर डिस्कवर साठवले, आणि पंधरा-वीस वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. ती माहिती परत मिळवायला तज्ज्ञांना पुष्कळ खटपट करावी लागली, आणि मूळ 1086 चे चर्मपत्र मात्र आजही वाचता येते. तेव्हा ध्वनिमुद्रण मोबाइलवर अवश्य करा, पण प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवून, चांगल्या कागदावर छापून, एक प्रत त्या कुटुंबाला आणि एक जिल्ह्यातील ग्रंथालयाला द्या. बोलणाऱ्याची लेखी संमतीही त्याच दिवशी घ्या.

जावळीखोरे (सातारा)

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. मिरजेच्या वाचकांनी लिहिलेला मुद्दा माझ्या मनात आलाच नसता असे नाही, पण तो इतका पुढे आला नसता. आमच्या गावातील वस्तीवरची दोन कुटुंबे पुनर्वसनात सांगली जिल्ह्यात गेल्याचे मावशी सांगते. त्यांचा शोध आधी घेतो.

घरांची यादी मावशीकडून करून घ्यायला सुरुवात करतो आणि शाळेच्या रजिस्टरसाठी पंचायत समितीत जातो. ताई, कोऱ्या कागदावर वाट काढून घेण्याची आपली पद्धत वापरीन. एकाच वाटेचे दोन वृद्धांनी काढलेले नकाशे जुळले नाहीत तर दोन्ही इथे मांडतो. बामणोली-तापोळ्याच्या अंगाने बुडालेल्या गावांतली कोणी मंडळी हे वाचत असतील, तर आपल्या गावाचे नाव आणि आता कुठे स्थायिक आहात एवढे जरूर लिहावे. पूर्ण पत्ता मात्र इथे देऊ नये.