पॅकेट ट्रेसर: राउटरपलीकडे पिंग जात नाही

प्रश्न
नेटवर्किंग नुकतंच शिकायला घेतलंय, सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरवर. एक राउटर, त्याच्या दोन बाजूंना एकेक स्विच, प्रत्येक स्विचला दोन पीसी. डावीकडे १९२.१६८.१.०, उजवीकडे १९२.१६८.२.०, दोन्हीकडे मास्क /२४. एकाच बाजूच्या पीसींमध्ये पिंग (पोच तपासणारा संदेश) जातो, पलीकडे मात्र 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. राउटरच्या तारांवर लाल त्रिकोण आहेत. त्यापेक्षा सरळ जीएनएस३ हा दुसरा नेटवर्क प्रोग्राम शिकू का?

उत्तर १
लाल त्रिकोण म्हणजे इंटरफेस (तार जोडायचं पोर्ट) बंद. सिस्कोच्या राउटरचे इंटरफेस मुळात बंदच असतात, स्विचचे पोर्ट चालू असतात. म्हणून नवशिके इथे हमखास अडकतात. एका इंटरफेसला १९२.१६८.१.१, दुसऱ्याला १९२.१६८.२.१ द्या आणि दोन्हींवर 'नो शटडाउन' करा. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ'मध्ये स्टेटस आणि प्रोटोकॉल दोन्ही 'अप' दिसले पाहिजेत. स्विचकडचं टोक काही वेळ केशरी राहील, तेव्हा काही बदलत बसू नका. स्पॅनिंग ट्रीला (स्विचमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) लिसनिंगसाठी १५ आणि लर्निंगसाठी १५ सेकंद लागतात.

उत्तर २
डिफॉल्ट गेटवेही (पीसीच्या बाजूचा राउटरचा पत्ता) तपासा, आणि दोन्हीकडच्या पीसींवर. पलीकडच्या पीसीला गेटवे नसेल तर पॅकेट पोचतं, पण उत्तर परत येत नाही, आणि दोष अलीकडे आहे असं वाटत राहतं. गेटवे बरोबर असूनही पहिले एक-दोन पिंग हुकले तर एआरपीमुळे (आयपीवरून मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता शोधणारा प्रोटोकॉल). पुन्हा पिंग करा.

खरं शिकायचं असेल तर सिम्युलेशन मोड वापराच. फिल्टरमध्ये फक्त एआरपी आणि आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) ठेवा, एकेक पायरी पुढे जा, पाकिटावर क्लिक करा. राउटर ओलांडताना मॅक पत्ते बदलतात, आयपी पत्ते तेच राहतात, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

उत्तर ३
जीएनएस३ एवढ्यात नको. त्यात खरी आयओएस (सिस्को राउटरची ऑपरेटिंग सिस्टिम) इमेज चालते, ती सोबत मिळत नाही; शिवाय त्यातल्या डायनामिप्स या एम्युलेटरच्या राउटरला आयडल-पीसी व्हॅल्यू (राउटर रिकामा कधी असतो हे सांगणारं सेटिंग) दिली नाही तर एकच राउटर सीपीयूचा एक कोअर पूर्ण खातो. पॅकेट ट्रेसरमध्ये एखादी कमांड चालेनाशी झाली की मग तिकडे वळा. नावात साम्य असलेला एनएस-३ हा वेगळा सिम्युलेटर संशोधनासाठी आहे, त्यात सी++ किंवा पायथनमध्ये कोड लिहावा लागतो.

प्रश्नकर्ता
पिंग गेला! गेटवे फक्त डावीकडेच दिला होता. आता राउटरमध्ये सिरीयल मॉड्यूल (सिरीयल तार जोडायचा भाग) बसवायचंय.

उत्तर १
त्यासाठी राउटर बंद करावा लागतो, आणि बंद केला की सेव्ह न केलेलं सगळं जातं. आधी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' करा. सिरीयल तारेच्या डीसीई (वेग ठरवणाऱ्या) टोकाला 'क्लॉक रेट ६४०००' द्यायला विसरू नका.