पन्नास शब्दांचं पुस्तक आणि आपलं 'कमल नमन कर'

नौपाडाकर
ठाणे स्टेशनजवळच्या फुटपाथवर अमेरिकन लेखक डॉ. स्यूसचं इंग्रजी बालपुस्तक 'ग्रीन एग्ज अँड हॅम' चाळीस रुपयांना मिळालं. लेक पहिलीत, मराठी माध्यम. आठवडाभर रोज रात्री तेच. आता बोट ठेवून स्वतः वाचते. अर्धं पाठ झालंय हे मला कळतं, पण बोट चुकत नाही.

पुस्तक १९६० चं. लेखकाच्या आधीच्या 'कॅट इन द हॅट'मध्ये २३६ वेगवेगळे शब्द होते. प्रकाशक बेनेट सर्फने पैज लावली, ५० शब्दांत लिहून दाखव. त्याने दाखवलं. गोष्ट एवढीच: सॅम एकाला हिरवी अंडी आणि हॅम (डुकराचं मांस) खायचा आग्रह करतो, आणि तो नको म्हणत राहतो. त्यातले ४९ शब्द एका झटक्यात उच्चारता येणारे, एकटा 'एनीव्हेअर' काय तो लांब. आणि एवढ्याच शब्दांत आगगाडी बोगद्यात शिरते, पाऊस पडतो, सगळे बोटीसकट पाण्यात जातात!

आपल्याकडे पहिलीच्या पोराच्या हातात काय? 'कमल नमन कर'. कमलने नमन केलं, पुढे काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही.

पाचपाखाडी
फुटपाथवर चाळीस रुपये घातलेत, थोडं पुढे मराठी ग्रंथ संग्रहालयात गेला असतात तर? १८९३ पासून आहे ते. माधुरी पुरंदऱ्यांचं 'राधाचं घर' बघा आणि मग 'मराठीत काही नाही' म्हणा. हॅम कशाला म्हणतात हे तरी पोरीला माहीत आहे का?

नौपाडाकर
'राधाचं घर' घरी आहे, जीव आहे तिचा त्याच्यावर. पण ते मी वाचून दाखवतो. एकटीने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जायचं म्हटलं की जोडाक्षराला गाडी अडते. हॅमचं म्हणाल तर तिने ठरवलंय, तो हिरवा दुधी आहे.

पहिलीच्या बाई (निवृत्त)
'कमल नमन कर'ची टिंगल सोपी आहे हो. काना-मात्रा शिकवायच्या आधी वाक्य करून बघा. जातो, येते, होता, खाल्लं, सगळी क्रियापदं बाद. उरतं काय? कर, बघ, बस, चल, उठ. म्हणजे नुसते हुकूम! त्या धड्यांत कोणी काही करतच नाही, सगळ्यांना फक्त सांगितलं जातं. चाळीस वर्षं शिकवलं, हे निवृत्त झाल्यावर लक्षात आलं.

दुसरं. शब्द मोजायची पैज इंग्रजीलाच शोभते. तिथे 'वुड', 'कुड'मधला न उच्चारायचा एल पोराने तसाच गिळायचा, म्हणून शब्द कमी हवेत. आपल्या पोराला अक्षर आणि खुणा आल्या की शब्द नवा असला तरी वाचतं. शिवाय त्यांचा उंदीर कुठेही गेला तरी 'माऊस'च. आपला 'सोबत' म्हटलं की 'उंदरासोबत' होतो, बिचाऱ्याची वेलांटीच जाते. पन्नास शब्द दोन पानांत संपतील. मराठीत बंधन घालायचंच तर जोडाक्षरांवर घाला, शब्दांवर नको.

पाचपाखाडी
बाई, हेच मला म्हणायचं होतं, फक्त इतकं नीट सुचलं नाही. म्हणजे ते पुस्तक इंग्रजी स्पेलिंगवरचं औषध आहे. आपल्याला तो आजारच नाही.

नौपाडाकर
औषध कोणी साठ वर्षं आवडीने चाटत नाही. माझी पोरगी स्पेलिंगसाठी वाचत नाही. एक हट्टी माणूस पानोपानी 'नको' म्हणतो आणि दरवेळी ती त्याच्याहून मोठ्याने म्हणते. पुढच्या पानावर कुठले शब्द येणार हे तिला आधी माहीत असतं, आणि चित्रात काय होणार ते नसतं. गंमत तिथे आहे.

ऐरोलीहून
मला मुळात गोष्टच पटत नाही. समोरचा शंभरदा नको म्हणतोय आणि सॅम पिच्छा सोडत नाही. शेवटी तो खातो आणि म्हणतो, आवडलं. आपण मुलांना शिकवतो नको म्हणजे नको, आणि झोपताना हे वाचायचं?

नौपाडाकर
ताई, आमच्याकडे शेपूच्या भाजीला रोज हेच नाटक होतं. फक्त सॅम मी असतो आणि हरतो.

ऐरोलीहून
तेच म्हणतेय. भाजी वाढणाऱ्याने लिहिलेलं पुस्तक आहे ते.

पहिलीच्या बाई (निवृत्त)
भांडत बसण्यापेक्षा प्रयत्न केला. बघा:
दोडका खा. नको मला.
घरात खा? नको मला.
दारात खा? नको मला.
रिक्षात खा? नको, नको, नको मला!

पाचपाखाडी
बाई, 'रिक्षा'त क्ष आला.

पहिलीच्या बाई (निवृत्त)
खरंच की. मग बसमध्ये... नको, तिथेही 'ध्ये' आहे. होडीत खा?

ऐरोलीहून
होडीत चालेल, तलावपाळीला आहे. पण शेवटी दोडका आवडला असं लिहू नका बाई. पोरं पुस्तक मिटतील.