प्रति: नुसत्या दंडांनी चेअर पळत नाही
वर कोणीतरी म्हटलंय की व्हीलचेअर बास्केटबॉल म्हणजे खांदे आणि दंड, बेंच प्रेस वाढवा, स्पीड आपोआप येतो. मला अर्धंच पटतं. चेअर एकदा पळायला लागली की ठीक, पण जागेवरून उचलताना पहिले दोन-तीन पुश धडावर अवलंबून असतात, कारण हात चाकाची रिम (चाकाला लागून असलेली, हाताने ढकलायची कडी) पुढे लोटतात तेव्हा अंग मागे ढकललं जातं आणि पोट-पाठ धरून नसेल तर जोर चाकात जायच्या ऐवजी पाठटेक्यातच जिरतो. खेळाडूंना शरीराच्या क्षमतेप्रमाणे १.० (सगळ्यात कमी) ते ४.५ पॉइंट देताना धडाचा कंट्रोल बघतात तो उगाच नाही, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यात टीमच्या कोर्टवरच्या पाचांच्या या पॉइंटांची बेरीज १४ च्या वर चालत नाही.

माझा भाचा इथे ग्वाल्हेरला खेळतो, छातीखाली कंट्रोल नाही. दंड दगडासारखे, तरी शिट्टी वाजली की हाच मागे, पुढची छोटी चाकं उचलली जायची आणि पहिला पुश वाया. मग सीट मागून थोडी खाली घेतली, बरगड्यांखालचा पट्टा घट्ट केला, आणि एका लांब पुशऐवजी दोन आखूड मारायला लावले, अंग पुढे झुकवून. वजनं तीच, दंड तेच, पण आता पहिल्या पाच मीटरात तो बरोबरीने निघतो. त्यामुळे जिमच्या आधी पोराचं चेअरमधलं बसणं बघा ना.